उरलेली पट्टी

मिस्त्री हे काही त्याचं नाव नव्हतं, आणि त्याचा धंदाही नव्हता. तो शेतकरी होता. बापाकडून आलेलं लहानसं शेत, दोन गाई, एक जुना ट्रॅक्टर, बायको आणि लांब राहणारी लेक, एवढाच त्याचा संसार. पण आजूबाजूच्या कुणाचंही काही मोडलं, पंप, शिलाई मशीन, एकदा तर शाळेची घंटा, की लोक ते उचलून त्याच्या शेडमध्ये आणून टाकायचे. तो ते हातात घ्यायचा, हलवून बघायचा, कानाशी धरायचा आणि म्हणायचा, "ठेव इथे. मेलेलं नाही, नुसतं रुसलंय." म्हणून सगळे त्याला मिस्त्री म्हणत. त्याच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत, तिच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा.

थंडी ओसरायला लागली की मिस्त्री पेरणीयंत्र खोलायला घ्यायचा. खोलायचा म्हणजे पार हाडं वेगळी करायचा. बियांची लांबोळकी पेटी, पेटीखालच्या दातेरी चकत्या, बी खाली नेणाऱ्या नळ्या, जमिनीत रेघ ओढणारे फण, साखळ्या, मूठभर नट-बोल्ट, सगळं शेडमध्ये गोणपाट अंथरून त्यावर मांडायचा. घासायचा, तेल पाजायचा, झिजलेलं बदलायचा आणि मग सावकाश परत जोडायचा. त्या दिवसांत वहिनीला झाडू घेऊन शेडमध्ये पाऊल टाकायची बंदी असे.

"केवढा हा पसारा!" ती दारातून म्हणायची.

"तुला पसारा दिसतो. मला रांगेत बसलेली पोरं दिसतात," तो म्हणायचा. "एकाला जरी जागेवरून उठवलंस ना, तर माझी हजेरी चुकेल."

यंदा सगळं खोलून, घासूनपुसून झालं होतं. जोडायचं तेवढं बाकी होतं. वहिनी चहाला हाक मारायला गेली, तर तो ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला पाठ टेकून जमिनीवर बसलेला. मांडीवर साखळीचं वेटोळं. ओठांची एक बाजू खाली ओघळलेली.

"अहो, काय होतंय?"

"मांजर," तो म्हणाला.

तिने मागे वळून पाहिलं. त्यांच्याकडे मांजर नव्हतं, कधी नव्हतंच.

"कुठलं मांजर?"

"मांजर," तो पुन्हा म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत जी भीती होती ती पाहून वहिनी फोनकडे धावली.

हॉस्पिटलमधून तो घरी आला तो चाकाच्या खुर्चीतून. उजवा हात आणि उजवा पाय लुळा. डावी बाजू ठीक होती. नजर ठीक होती, ऐकायला यायचं, भूकही चांगली होती. पण आयुष्यभर गोळा केलेल्या सगळ्या शब्दांतला एकच शब्द त्याच्यापाशी राहिला होता. तहान लागली की मांजर, पाठ दुखली की मांजर. लेक लांबच्या शहरातून धावत आली, तेव्हा तिचा हात धरून तो रडला आणि "मांजर, मांजर" म्हणत राहिला. लेकीला आधी हसू फुटलं. मग ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली आणि बराच वेळ आत आली नाही.

शिव्या मात्र शाबूत होत्या. हॉस्पिटलमध्ये असताना चमचा हातून निसटला की अशी स्वच्छ, सणसणीत शिवी यायची की शेजारच्या खाटेवरचे आजोबा खूश होऊन "वा!" म्हणायचे. बोलणं शिकवायला येणारी बाई म्हणाली, असं होतं, शिव्या डोक्यात वेगळ्या खोलीत राहतात, त्यांच्यापर्यंत आग पोचत नाही.

त्या बाईने वहिनीला बाजूला घेऊन समजावलं. "त्यांना सगळं कळतंय असं धरूनच चाला. अडलंय ते बोलण्याचं. तुम्ही 'हो की नाही' असे प्रश्न विचारा, ते मानेनं सांगतील." आणि पिशवी खांद्याला अडकवता अडकवता म्हणाली, "पण मान हलली म्हणजे दर वेळी 'हो'च असतं असं नाही हं. अधूनमधून पडताळून बघत जा."

वहिनीने पहिलं वाक्य पदराची गाठ बांधावी तसं बांधून ठेवलं. दुसरं कानावर पडलं आणि तिथेच राहिलं.

घरी येईपर्यंत ऊन बदललं होतं. सकाळी खिडकीच्या काचेवर साचणारं धुकं पुसावं लागत नव्हतं. हिवाळा आपली सगळी मोडतोड मागे टाकून गेला होता. गोठ्याकडे जाणारा पाण्याचा पाईप गोठून उभा फुटला होता. कुंपणाचे खांब दारू प्यायल्यासारखे एकमेकांच्या अंगावर कलंडले होते. शेताकडेचा चर कुजक्या पानांनी बुजला होता. फळझाडांच्या वाळक्या फांद्या छाटायच्या राहिल्या होत्या, आणि धाकटी गाय आज वितेय की उद्या अशी झाली होती.

वहिनी कामाला घाबरणारी नव्हती. पण इतकी वर्षं या घरात कामाची वाटणी अशी होती की ज्याच्यात जीव आहे ते तिचं आणि ज्याच्यात लोखंड आहे ते त्याचं. आता दोन्ही तिच्याकडे आलं. पाईप तिने कापून जोडला. पहिल्यांदा नळ सोडला तेव्हा पाणी गोठ्यात जायच्या ऐवजी तिच्याच तोंडावर उडालं. मिस्त्री खुर्चीतून बघत होता. अर्ध्या तोंडाने तो इतका हसला की तिलाही हसू आवरेना.

"हसा, हसा! बघ्यांचं काय जातंय!"

"मांजर," तो डोळे पुसत म्हणाला.

प्रत्येक काम ती त्याला विचारून करायची. "आधी खांब सरळ करू का?" तो मान हलवायचा. "की चर उपसू आधी?" तो मान हलवायचा. "दोन्हीला हो! म्हणजे माझीच मजा," असं म्हणून ती कुदळ उचलायची. त्याला विचारलं की तिला बरं वाटायचं. काम कुणाच्या तरी सांगण्यावरून चाललंय असं वाटायचं. गाय व्यायली, कालवड झाली, ती त्याला दाखवायला तिने खुर्ची गोठ्याच्या दारापर्यंत ओढत नेली. खांब उभे राहिले, सगळेच सरळ नाही, पण उभे राहिले.

मग एका सकाळी तिने शेतातली माती मुठीत घेऊन दाबली. गोळा झाला, आणि अंगठा लावताच मोकळा झाला. वाफसा आला होता. वाटाणा पेरायची हीच वेळ. ती हुकली तर पुढे ऊन चढतं आणि वाटाणा फुलावरच वाळतो, हे तिला कुणी सांगायला नको होतं. आणि पेरणीयंत्र अजून शेडमध्ये गोणपाटावर सुटं पडलं होतं.

शेजारच्या शेतकऱ्याने कुंपणापलीकडून हाक दिली. त्याला सगळे 'उद्या' म्हणत, कारण कुठल्याही कामाला त्याचं तेच उत्तर असे. माणूस मनाने चांगला, घड्याळाने वाईट.

"वहिनी, माझं उरकलं की तुमचंही पेरून देतो. काळजी करू नका. उद्या नाहीतर परवा."

"नको," वहिनी म्हणाली. "आमचं यंत्र आहे की."

"ते तर खोललेलं आहे ना?"

"जोडू आम्ही."

मिस्त्रीच्या शेतात दुसऱ्याचं यंत्र कधी फिरलं नव्हतं. त्याने पेरलेल्या ओळी बघायला लोक रस्त्यावर सायकली थांबवत. पण वहिनी नको म्हणाली ती एवढ्यासाठीच नाही. तिच्या मनात एक साधा हिशोब बसला होता. त्याच्या डोक्यात सगळं आहे, हात नाहीत. माझे हात आहेत, डोक्यात काही नाही. दोघांचं मिळून एक मिस्त्री व्हायला काय हरकत आहे?

लेकीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, बाबांना त्रास होईल गं."

"उलट बरं वाटेल. नुसतं खिडकीत बसून माणूस गंजतो."

तिने त्याची खुर्ची शेडमध्ये नेली. आजारपणानंतर तो पहिल्यांदाच तिथे येत होता. तेलाचा आणि लोखंडाचा वास आला तसा त्याने दीर्घ श्वास घेतला. गोणपाटावरच्या वस्तूंवरून त्याची नजर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली, आणि चेहऱ्यावर असं काही उजळलं की वहिनीला वाटलं, झालं, आपण जिंकलो.

"सांगा आता. कुठून सुरू?"

त्याने डाव्या हाताने लांबच्या लोखंडी चौकटीकडे बोट केलं. ती तिने उचलून ठोकळ्यांवर ठेवली. मग पेटी. मग फण. ती एकेक वस्तू उचलून दाखवायची, "हे? हे इथे? असं की उलटं?", आणि तो मान हलवायचा, बोट दाखवायचा, वैतागायचा. तिला पाना धरता यायचा नाही, तो निसटायचा आणि बोटांची सालं निघायची. मग तो शिवी द्यायचा. तीही द्यायला लागली.

"मी काय तुमच्यासारखी पाना घेऊन जन्माला आले होते का? दमानं घ्या!"

"मांजर!"

"तुम्ही मांजर!"

दूध काढून झालं की शेड, स्वयंपाक झाला की शेड, असं चाललं. वहिनीच्या नखांत काळं ग्रीस बसलं ते साबणाने जाईना. पण तिला आतून एक विलक्षण सुख वाटत होतं. संसारात त्या दोघांनी एकमेकांना इतकं निरखून कधी बघितलं नव्हतं. त्याच्या भुवईच्या हालचालीवरून तिला कळायला लागलं होतं, हे बरोबर, हे चूक, हे जरा घट्ट. निदान कळतंय असं वाटायला लागलं होतं.

मोठे भाग आपणहून सांगतात आपण कुठले. पेटी चौकटीवरच बसते, दुसरीकडे कुठे बसणार? साखळी दातेरी चाकावरच चढते. हे तिच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

शेवटी एका दुपारी शेवटचा बोल्ट आवळून झाला. वहिनीने चाक हाताने फिरवलं. साखळी खडखडली, चकत्या फिरल्या. तिने टाळ्या वाजवल्या. मिस्त्रीने डावा हात मांडीवर थापटला, एकट्या हाताला टाळी वाजवता येत नव्हती म्हणून.

"बघा! झालं की नाही? आता झाडू मारायला तरी परवानगी आहे का, साहेब?"

तिने गोणपाट उचलून झटकलं. घडीतून काहीतरी फरशीवर पडलं आणि खणखणलं.

बोटाएवढी लोखंडी पट्टी होती. एक टोक वाकवलेलं. दोन भोकं, एक गोल, एक लांबट. तिने ती उचलून यंत्राकडे पाहिलं. यंत्रात कुठे जागा रिकामी दिसत नव्हती.

"अहो, ही कुठली?"

त्याने ती तळहातावर घेतली. उलटी केली. सुलटी केली. अंगठा भोकांवरून फिरवला. मग यंत्राकडे पाहिलं, आणि परत पट्टीकडे.

मोडलेली वस्तू हातात आली की त्याचा चेहरा कसा होतो हे वहिनीला पाठ होतं. डोळे बारीक व्हायचे, ओठ पुढे यायचे. ते झालं नाही. अनोळखी गावात बसमधून उतरलेला माणूस बघतो तसा तो बघत होता.

"इथली का?" तिने पेटीच्या कडेला बोट ठेवलं.

त्याने मान हलवली. तिने पट्टी लावून पाहिली. भोकं जुळेनात.

"मग इथली?" तिने साखळीजवळ बोट ठेवलं.

त्याने मान हलवली.

"की पेटीखालच्या या दांड्यापाशी?"

मान हलली. तिथेही भोकं जुळेनात.

बोलणं शिकवणाऱ्या बाईचं ते दुसरं वाक्य इतके दिवस जिथे पडून होतं तिथून उठून समोर येऊन उभं राहिलं. तिने पट्टी त्याच्यापुढे धरली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "ट्रॅक्टरच्या दिव्याची आहे का ही?"

त्याने मान हलवली.

बाहेर कालवड हंबरली. वहिनीला थांबायला हवं होतं हे कळत होतं, तरी तोंडातून गेलंच, "माझ्या शिलाई मशीनची असेल, हो ना?"

या वेळी मान हलली नाही. त्याने वर तिच्याकडे पाहिलं. पट्टी कुठली हे त्याला कळत नव्हतं, पण आपली परीक्षा घेतली जातेय हे कळलं. त्याचे कान लाल झाले. तिच्या हातातून पट्टी घेऊन त्याने ती डाव्या हाताने सदऱ्याच्या खिशात कोंबायचा प्रयत्न केला. खिसा डाव्याच बाजूला होता, हात वळेना. ती मदतीला वाकली तर त्याने कोपराने तिला दूर लोटलं. बराच खटाटोप करून त्याने पट्टी खिशात घातली आणि भिंतीकडे तोंड केलं.

"अहो, मी सहज विचारलं," ती म्हणाली. तिला स्वतःलाच ते खरं वाटलं नाही.

भांडी घासताना ती मागचं सगळं आठवत राहिली. आधी खांब की आधी चर? दोन्हीला हो. कालवड आवडली का? हो. भात मऊ झालाय का? हो. कडक राहिलाय का? हो. इतके दिवस ती ज्याच्याशी बोलत होती तो कोण होता? आणि ती भुवई, जी तिला वाचता येते असं वाटत होतं, ती काय सांगत होती?

दुसऱ्या दिवशी तिने उद्याला निरोप धाडला. तो आला त्याच्या पद्धतीने, म्हणजे दोन दिवस उशिरा. खुर्चीसमोर उभा राहून, मिस्त्री बहिरा झाल्यासारखा ओरडला, "काय मिस्त्री! तब्येत झकास दिसतेय!"

मिस्त्रीने खिशातून पट्टी काढली आणि त्याच्या हातात दिली. मग तो बोलायला लागला. "मांजर मांजर, मांजर... मांजर मांजर." आवाज चढत होता, उतरत होता, मध्येच थांबून डावा हात हवेत काहीतरी वळवून दाखवत होता. एखादा जाणकार दुसऱ्या जाणकाराला बारकावा समजावून सांगतो, अगदी तसं. उद्या मन लावून ऐकत होता आणि "हो हो, बरोबर, असं होय!" म्हणत होता. बोलणं संपलं तेव्हा मिस्त्री समाधानाने मागे रेलला.

अंगणात आल्यावर उद्याने घाम पुसला. "वहिनी, यातलं मला काही कळलं नाही."

"पट्टी तरी कळली का?"

"ही कंपनीची नाहीच. ह्यानेच कापून वाकवलीय, कानशीच्या खुणा दिसतायत बघा. ह्याने त्या यंत्रात काय काय बदललंय ते ह्यालाच ठाऊक." त्याने पट्टी उलटसुलट केली. "कदाचित जुनी असेल. काढून टाकलेली."

"जुनी असेल," वहिनी म्हणाली.

"असू शकते."

"जुनीच असणार. नाहीतर यंत्र फिरलं असतं का?"

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. वहिनीला पट्टीचा मिळाला.

पेरणी तिनेच केली. ट्रॅक्टर तिने आजवर फक्त अंगणातून शेडपर्यंत चालवला होता. मिस्त्रीची खुर्ची शेताच्या कडेला, सावलीत ठेवली. पहिली रेघ वाकडी गेली, दुसरी कमी वाकडी, पुढे पुढे बऱ्या आल्या. मागे वळून पाहिलं की ओली काळी माती उघडत आणि मिटत जाताना दिसायची, पक्षी खाली उतरायचे, आणि तिला वाटायचं, चाललंय, चाललंय की!

पेटीत पुन्हा बी भरायला थांबली तेव्हा तिला दिसलं, पेटीच्या डाव्या अर्ध्यातलं बी तळाला गेलंय आणि उजवा अर्धा बराच भरलेला आहे. ती तिथेच उभी राहिली. भरतानाच कमीजास्त भरलं गेलं असेल. किंवा उतारामुळे असेल. ती चालत खुर्चीपाशी गेली.

"एका बाजूचं बी कमी गेलंय. चालतं ना असं?"

त्याने मान हलवली.

त्या हलण्याला काय किंमत आहे हे आता तिला पक्कं माहीत होतं. तरी तिने तो होकार घेतला. दुसरं घेण्यासारखं तिच्यापाशी काही नव्हतं. उजव्या बाजूचं थोडं बी काढून तिने डावीकडे ओतलं आणि पुन्हा ट्रॅक्टरवर चढली.

वाटाणा उगवायला वेळ घेतो. ती रोज दुधाची बादली घेऊन येताना मान लांब करून बघायची. आणि मग एका सकाळी हिरवं दिसलं. आधी तिला आनंद झाला. मग ती शेताच्या मध्यापर्यंत चालत गेली आणि बादली खाली ठेवली.

हिरवा पट्टा, मग उघडा पट्टा. हिरवा पट्टा, उघडा पट्टा. न्हाव्याने अर्धी हजामत करून गिऱ्हाईक उठवून द्यावं तसं अख्खं शेत दिसत होतं. यंत्राच्या एका अर्ध्यातून बी पडलं होतं, दुसऱ्यातून सुरुवातीला थोडं पडलं आणि मग बंदच झालं होतं, पुढच्या प्रत्येक फेरीला.

ती शेडमध्ये जाऊन यंत्राखाली उताणी झोपली आणि टॉर्च मारला. उजव्या बाजूची बी पडायची भोकं उघडझाप करणारा दांडा हादऱ्यांनी सरकून पार बंद झाला होता. त्याला जागेवर धरून ठेवायला काहीतरी हवं होतं. दांड्याच्या मुळाशी, जुन्या काळवंडलेल्या लोखंडावर, बोटाएवढा एक चकचकीत डाग होता. एका टोकाला वाकलेला, त्या पट्टीच्याच आकाराचा. तिने दांडा उलटा बसवला होता, म्हणून तेव्हा पट्टीची भोकं जुळली नव्हती. आणि उलट्या दांड्याला जोर लावून आवळल्यामुळे त्याला धरणारा लोखंडी कान तडकला होता.

तिने बोट ठेवून विचारलेल्या जागांपैकी ही एक जागा होती. तो हो म्हणाला होता. पण तो सगळ्याच जागांना हो म्हणाला होता. या एकीला तो कळून म्हणाला होता का? हे आता तिला कुणीही सांगू शकणार नव्हतं, तोसुद्धा.

तिने त्याला सांगायचं नाही असं ठरवलं. पण रस्त्यावरून जाणारी माणसं कुंपणाशी थांबायला लागली, बघून काही न बोलता पुढे जायला लागली, आणि ते त्याला खिडकीतून दिसलं. त्याने डाव्या हाताने खुर्चीचं एकच चाक ढकलायला सुरुवात केली. खुर्ची गोल फिरली आणि पलंगाला धडकली. पुन्हा ढकललं, पुन्हा गोल फिरली.

"थांबा. नेते," वहिनी म्हणाली.

शेताच्या कडेला तिने खुर्ची उभी केली. तो बघत राहिला. त्याने शिवी दिली नाही. 'मांजर'सुद्धा म्हणाला नाही.

"माझ्याकडून दांडा उलटा बसला," ती म्हणाली. "तुमचं काही चुकलं नाही."

त्याने मान हलवली.

उद्या या वेळी खरोखरच दुसऱ्या दिवशी आला. शेत फिरून आला आणि बुटांची माती झटकत म्हणाला, "मधलेच पट्टे भरता येणार नाहीत, वहिनी. चाकाखाली उगवलेलं जाईल ते जाईलच. सगळं मोडून नव्याने पेरलेलं बरं. उशीर झालाय, पण होईल काहीतरी. शेंगा कमी धरतील."

"उगवलेलंही मोडायचं?"

"मोडायला लागेल."

वहिनीने मिस्त्रीकडे पाहिलं. विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाली, "मोडा."

दुपारी उद्याचा नवा लाल ट्रॅक्टर फाटकातून आत आला. हिरवे पट्टे एकेक करून मातीत गेले. मग त्याने आपलं पेरणीयंत्र मागे जोडलं आणि पेरायला सुरुवात केली. ओळी सरळ होत्या, सपासप पडत होत्या. वहिनी आणि मिस्त्री सावलीत बसून बघत होते. करण्यासारखं काही नव्हतं म्हणून तिने त्याच्या लुळ्या हाताची बोटं एकेक करून उघडायला आणि मिटायला घेतली, हॉस्पिटलमध्ये शिकवलं होतं तसं.

ट्रॅक्टर खालच्या कोपऱ्याकडे वळत होता. अचानक मिस्त्री पुढे वाकला. त्याने डावा हात उंच केला आणि जोरजोराने हलवायला लागला. "मांजर! मांजर!" तो ओरडला. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या.

"काय? काय झालं? दगड आहे का तिथे? ओल आहे?" वहिनी उठून उभी राहिली. "फण वर घ्यायचेत? वळण चुकतंय?"

तो तिच्याकडे बघत नव्हता. तो कोपऱ्याकडे बघत हात हलवत होता.

तिकडे ट्रॅक्टरवर उद्याचं लक्ष गेलं. त्याचा चेहरा खुलला. त्याने टोपी काढली, उंच धरून मिस्त्रीला दोनदा हलवून दाखवली, हॉर्न वाजवला, आणि कोपऱ्यात वळून पुढची ओळ धरली.

मिस्त्रीचा हात तसाच हवेत राहिला. मग हळूहळू मांडीवर आला. वहिनी त्या कोपऱ्याकडे डोळे ताणून बघत राहिली. तिला तिथे मातीशिवाय काही दिसलं नाही. ट्रॅक्टर दुसऱ्या टोकाला गेला, परत फिरला आणि त्यांच्याकडे तोंड करून यायला लागला.